तेहतीस फुटांची बेडी

पाथरझरी, मंडळ बेला
६ ऑक्टोबर २०२५, सोमवार

माह्या बापाच्या हातात बेडी घातली तू, अन् मले विचारलं बी नाही. घातली ती घातली, वरून तिचा फोटो तीनशे बारा पानांच्या पुस्तकात पहिल्याच पानावर छापला. खाली काय लिहिलं? 'रझाकारांनी स्वातंत्र्यसैनिक मारोतरावांना जिने बांधले ती बेडी. साम्राज्यांच्या क्रौर्याची मूक साक्षीदार.' ती मुकी असंन. मी नाही.

भार्गवा, तुले आशीर्वाद. रीत आहे म्हणून लिहिला, घे. नातसुनेले, जान्हवीले, अन् तुह्या पोरीले, आरोहीले पण सांग.

या पत्रावर फोन करू नको. फोनवर माणूस मधेच पळून जाते. कागद जागचा हलत नाही.

तुहं पुस्तक पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी कुरिअरवाल्यानं आणून दिलं. भिंग लावून वाचून राह्यली, दिवसाले पंधरा पानं. माही शाळा दुसरीपर्यंतची, तीबी निजामाच्या राज्यातली, उर्दूत. मराठी अक्षरं मायनं राखेत बोटानं काढून शिकवली. म्हणून वेळ लागते, पण डोक्यात जात नाही असं समजू नको. रोमवाल्यानं रस्ते कुठवर नेले ते समजलं. मंगोल घोड्यावर बसून किती मुलूख तुडवत गेले ते समजलं. इंग्रजाचा लाल रंग नकाशावर सांडलेल्या कुंकवासारखा पसरत जाते, तेबी पाह्यलं. छपाई झकास आहे.

पण तुह्या सगळ्या पुस्तकात राजेच चालतात रे. एवढाल्ला मुलूख त्यानं घेतला, तर मोजला कोणं? दगड कोणं गाडले? त्या माणसाचं नाव तीनशे बारा पानांत एकदाबी काऊन नाही?

माहा बाप तो माणूस होता. निजामाच्या पैमाईशीत साखळी ओढे. तू बेडी म्हणते ती मोजणीची साखळी आहे. तेहतीस फूट लांब, सोळा आण्यांची, दर आण्याले पितळेचा बिल्ला. एक साखळी लांब, एक साखळी रुंद, झाला एक गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एकर. बेडी तेहतीस फुटांची कोण करते? माहा बाप काय हत्ती होता?

मागच्या दसऱ्याले साखळी पाटावर पुजली अन् तू फोटो काढून राह्यला होता, तवा आरोही पाटावर बोट ठेवून बिल्ले मोजत होती. 'पणजी, बेडीला बिल्ले कशाला लावले?' तू तिच्यावर खेकसला, 'पूजेत मधे बोलू नये.' अकरा वर्षांच्या पोरीले दिसलं. कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्याले दिसलं नाही.

मग ती बेडी झाली कशी, ते ऐक. मी होती तिथं. आठ वर्षांची.

तो पोलीस ॲक्शनचा भादवा. त्याच्याआधी तीन महिने रझाकार गावावरून येत-जात. त्यानं कोष्ट्यांची चार घरं जाळली, कोतवालाच्या पोराले जित्ता विहिरीत टाकला अन् वरून दगड टाकले. माह्या बापाच्या केसाले धक्का नाही लागला. तो त्याईले तूप-भाकर पुरवे, कोणाच्या कोठ्यात काय दडवलं ते सांगे. मग एका सकाळी पैनगंगेच्या पलीकडून भारताची फौज येऊन राह्यली अशी बोंब उठली. बापानं डोक्यावरची रुमी टोपी चुलीत घातली. तिचा गोंडा जळाले टाइम लागला, म्हणून त्यानं फुंकणी घेऊन फुंकला. माह्या मामाची पांढरी टोपी घातली. खुंटीवरची साखळी काढली, दोन्ही हात पुढे केले अन् मले म्हणे, 'तुळजे, गुंडाळ.'

मी गुंडाळली. 'घट्ट नको,' म्हणे, 'पण दिसली पाह्यजे.'

तसाच धावत गेला अन् फौजेच्या जीपपुढे पडला. शिपायानं विचारलं, किसने बांधा? बापानं इकडं-तिकडं पाह्यलं. महमूद दर्जी दुकानापुढे उभा होता, गळ्यात कपडा मोजाची पट्टी. गावातला गरीब माणूस, बायकांच्या चोळ्या शिवे, नजर वर करत नसे. बापानं बांधलेले दोन्ही हात उचलून त्याच्याकडं दाखवले.

फौज पुढे गेली. बाकीचं गावानं केलं. त्याच्याच कात्रीनं केलं. त्याची बायको दोन घरांआड माह्या मायच्या पायाशी लोळत होती.

ताम्रपट भिंतीवर आहे. छाप त्याचाबी फोटो.

तुही आजी,
तुळजाबाई


पाथरझरी
१९ ऑक्टोबर, रविवार

करू नको म्हटलं तर फोन केला. तोबी मले नाही, तुह्या चुलतभावाले, पंकजले. त्यानं दुकानात चार गिऱ्हाइकांपुढे आवाज मोठा करून मले ऐकवला. बियाणं न्याले आलेले लोक हसून राह्यले, अन् तू तिकडून म्हणते, 'आजी, तोंडी आठवणींना पुरावा लागतो. तुझं वय झालं आहे.'

वय झालं म्हणूनच आठवते. तुले पंचेचाळीस वर्षांत आठवण्यासारखं झालं तरी काय?

पुरावा पाह्यजे ना? पुस्तक उघड. फोटोत डाव्या हाताकडून सहाव्या आण्याचा बिल्ला पाह्य. वाकडा आहे. हळदीखाली दडत नाही. तो कशावर वाकला ते आज लिहिते. कारण पंकजनं सांगतलं, की येत्या आठ तारखेले फाट्यावर पायाभरणी आहे. 'स्वातंत्र्यसैनिक मारोतराव प्रवेशद्वार.' कोणी मोठा पाहुणा येणार, तू भाषण देणार, अन् साखळी काचेत घालून कमानीवर लावणार. अन् कमान कुठं? बयनाबाईच्या वावरात. म्हणे, 'ती जागा सरकारी निघते.'

बयनाबाई तुले माहीत नसंन. तू तिच्या हातची बोरं खाल्ली आहेत, पण शेराच्या मापामागचं तोंड कोण पाह्यते. कोलामाची आहे, लच्चू टेकामची लेक. त्याचंच लिहून राह्यली.

जंगलातल्या लोकाईले जमिनी द्याच्या असा सरकारचा हुकूम निघाला होता. लच्चूच्या नावानं बारा एकर आली. कागद आला, आता जमिनीवर मोजून द्याची. पोलीस ॲक्शनच्या आधीचा माघ होता. मोजणीवरचा गिरदावरसाहेब मोहाच्या झाडाखाली खाटेवर बसला, बाप साखळीचं पुढचं टोक घेऊन निघाला. मागच्या टोकाचा गडी तापानं पडलेला, म्हणून मी. काम सोपं. साखळी ताणली की पुढचा माणूस एक लोखंडी सुई जमिनीत रोवते, मागचा ती उपटून घेते. हातात जेवढ्या सुया, तेवढ्या साखळ्या झाल्या. दहा झाल्या की साहेब कागदावर रेघ ओढते.

बापानं माह्या परकराच्या ओच्यात तीन सुया आधीच खोचल्या होत्या.

समजलं का प्रोफेसर? चालले सात साखळ्या, हातात निघाल्या दहा. लांबीतबी तीन खोट्या, रुंदीतबी तीन खोट्या. कागदावर बारा एकर भरली, जमिनीवर सहा. करून पाह्य हिशोब, तुले तर येते. उरलेली सहा एकर, ओढ्याकाठची काळी, साहेबानं 'पडीत' लिहिली अन् पुढच्याच महिन्यात मारोतरावच्या नावानं केली. त्या काळीच्या कापसावर तुहा बाप शिकला, तू शिकला, अन् साम्राज्यं कशी वाढतात त्याचं पुस्तक लिहिलं.

लच्चू अडाणी होता, मुका नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं अंबाडीचा दोर आणला, साखळीच्या मापाचा. एकट्यानं सगळं वावर पुन्हा मोजलं. मग हद्दीचे दगड उपटाले लागला. कोणीतरी जाऊन बापाले सांगतलं. बाप साखळी खांद्यावर टाकून निघाला, मी मागं.

लच्चू म्हणे, 'मारोती, दहा म्हणते तू, सात भरते.' एवढंच. हातात दगड होता, पण मारासाठी नव्हता, उपटलेला होता.

बापानं साखळी हाताले गुंडाळली अन् उरलेली दुहेरी केली. पहिला फटका कानावर बसला, लच्चू गुडघ्यावर आला. दुसऱ्याले त्यानं हात आडवा लावला तर बोटं गेली. मग बाप मोजत बसला नाही. लोखंडाचा आवाज आधी येते, मग हाडाचा येते, मग आवाजच येत नाही, वल्ल्या मातीवर मारल्यासारखं होते. सहाव्या आण्याचा बिल्ला त्याच्या कपाळाच्या हाडात अडकला. बापानं छातीवर पाय देऊन साखळी ओढून काढली. तवा तो वाकला.

गिरदावरसाहेब आला. पाह्यलं. बिडी पेटवली. पाय धरून दोघांनी त्याले ओढ्याच्या दरीत लोटला, अन् साहेबानं पंचनाम्यात लिहिलं, वाघानं नेला.

त्या बाईच्या उरलेल्या सहा एकरांत आता तू कमान उभी करते. नको करू. पंकज तुहं ऐकते. त्याले थांबव.

तुळजाबाई


पाथरझरी
४ नोव्हेंबर, मंगळवार

पत्राले पत्र नाही. तुह्या बदली पंकज आला, हातात खताचं रिकामं पोतं घेऊन. साखळी न्याले.

'आजी, काढ मुकाट्यानं.'

'कोणासाठी?'

'भार्गवदादानं सांगतलं. काचेची पेटी बनून आली.'

'पेटीत तू बस. शोभून दिसंन.'

त्यानं माहा हात पिरगाळला. पंच्याऐंशी वर्षांचा हात, पिरगळाले लागते काय? कोपऱ्यात खलबत्ता होता. दुसऱ्या हातानं बत्ता घेऊन त्याच्या कपाळावर हाणला. बेल्याले नेऊन तीन टाके घातले. आता डोक्याले पट्टी बांधून गावात फिरते अन् सांगते, आजी येडी झाली. प्रणिता, त्याची बायको, मले दोन दिवस भाकर द्याले आली नाही. तिसऱ्या दिवशी आली अन् म्हणे, 'आजी, थोडा जोरात हाणला पाह्यजे होता.' म्हणजे तिचंबी काही असंन. मी विचारलं नाही.

काल मी काठी टेकत फाट्यावर गेली. पंकजच्या लोकाईनं बयनाबाईच्या वावरात पऱ्हाटी उपटून चुना मारला आहे, खुट्या ठोकल्या आहेत. स्टीलचा टेप घेऊन एक पोरगं इकडून, एक तिकडून. कापूस फुटलेला, तोबी तसाच तुडवलेला. बयनाबाई काही बोलत नव्हती. ते पुढे गेले की मागून पायानं चुना पुसे, अन् खुटी उपटून ओच्यात टाके. सत्त्याहत्तर वर्षांची बाई. बाप मेला तवा अंगावर पिणारी होती. तिले कोणी शिकवलं?

पंकज ओरडला, 'म्हातारे, पुन्हा हात लावला तर हात तोडीन.'

मी तिथून माघारी फिरली अन् कागद घेऊन बसली. कारण मागच्या पत्रात मी एक खोटं लिहिलं.

'कोणीतरी जाऊन सांगतलं' असं लिहिलं ना? कोणी नाही. मी सांगतलं. सकाळी मी मोहाखाली फुलं वेचाले गेल्ती, तवा लच्चू दगड उपटताना दिसला. त्यानं मलेबी पाह्यलं. हसला. म्हणे, 'पोरी, तुह्या परकरात किती सुया मावतात?' मी टोपलं टाकून पळत सुटली. बापानं मले विचारलं नव्हतं, कोणी पाठवलं नव्हतं. मले वाटलं, आपलं राज्य कोणी मोडून राह्यलं. आठ वर्षांच्या पोरीले! निजाम मी पाह्यला नव्हता, दिल्ली माहीत नव्हती, पण ते दगड आपले आहेत अन् ते उपटणारा आपला वैरी आहे, एवढं मले पक्कं माहीत होतं. तुह्या पुस्तकात नवव्या प्रकरणात तू मोठे मोठे शब्द लिहून हे समजवाले बसला. अकरा पानं घालवली.

आता सरळ मागते. शनिवारी पायाभरणी आहे. बयनाबाई उठणार नाही अन् पंकज थांबणार नाही, हे मी डोळ्यानं पाह्यलेलं आहे, दुसऱ्यांदा पाहाची इच्छा नाही. पंकजले फोन कर. फोन नको म्हटलं होतं मी. हा एक कर.

तुळजाबाई


पाथरझरी
९ नोव्हेंबर, रविवार

फोन आला नाही. तूबी आला नाही. पंकज म्हणे, तुले ताप आला. पत्र पोचलं होतं, पोस्टमन सही दाखवते.

काल काय झालं ते तुले चार जणांनी चार तऱ्हेनं कळवलं असंन. माह्याकडून ऐक.

नऊ वाजता मंडप लागला. खुर्च्या, लाउडस्पीकर, फुलांचे हार. जेसीबी फाट्यावर घरघरत होती. बयनाबाई चुन्याच्या रेघेवर मांडी घालून बसली होती, ओच्यात खुट्या. पंकजनं आधी समजावलं, मग शिव्या दिल्या, मग तिचा हात धरून ओढलं. ती उठेना. त्यानं मनगट पिळलं अन् ते मोडलं, वाळली पऱ्हाटी मोडते तसं. आवाज मले मंडपाच्या या टोकाले ऐकू आला. बाई ओरडली नाही. डाव्या हातानं चिखल उचलून तिनं त्याच्या तोंडावर मारला. तवा त्यानं मंडपाची लोखंडी सळई उचलली.

मी साखळी घेऊनच गेल्ती. वाटलं होतं, पाहुण्यापुढे टेबलावर ठेवीन, वाकडा बिल्ला दाखवीन, सांगीन. बोलाचं होतं. पण सळई वर गेली अन् माह्या हातानं साखळी कवा गुंडाळून दुहेरी केली, मलेच समजलं नाही. मले कोणी शिकवलं नव्हतं. एकदा पाह्यलं होतं, तेवढंच.

पहिला फटका पंकजच्या खांद्यावर बसला. दुसऱ्यानं कान फाटला. तो सळई टाकून खाली पडला अन् मी तिसरा उचलला होता. खरं लिहिते भार्गव, मी थांबणार नव्हती. अंगात जोर कुठून आला ते माहीत नाही, पण थांबाचं मनात नव्हतं. जेसीबीवाल्यानं मशीन बंद केली अन् मागून येऊन माहे दोन्ही हात धरले. परमुलखाचा पोरगा, म्हणे, 'बस करो अम्मा, मर जाएगा.' त्यानं धरलं नसतं तर आज तुह्या घरात दोन फोटो असते, बापाचा अन् लेकीचा.

मग मी लाउडस्पीकरवर सांगतलं. सगळं. सुया, दगड, माही चहाडी, बिल्ला, महमूद दर्जी, टोपी. लोक खाली पाहत होते. मोठा पाहुणा गाडीतून उतरलाच नाही, तिथूनच वळला. पोलीस आले. मी म्हटलं, मी मारलं, लिहा. पंकज रडत रडत म्हणे, मी पडलो. त्याले कमानीपेक्षा अब्रू जास्त झाली.

बयनाबाईले आदिलाबादच्या सरकारी दवाखान्यात नेलं. मी तिच्यासंगं ऑटोत गेली. हाताले पलस्तर घातलं. मी साखळी तिच्या खाटेवर ठेवली.

ती म्हणे, 'याचं काय करू? खाऊ?'

मी तिच्या पलस्तराखाली उशी सरकवली.

'तुह्या बापानं मारलं. तू चहाडी केली. तुह्या नातवानं छापलं. तुमच्या घरचे सगळेच कामाले लागले होते म्हणाव.'



तिनं भिंतीकडं तोंड फिरवलं. मग म्हणे, 'तुळजा, माहा बाप वाघानं नेला असं मायनं सांगतलं. साहेबानंच लिहून दिलं होतं ना. बापाचं अंग वाघाच्या पोटात, म्हणून मायनं ओढ्यापाशी वाघाचा दगड मांडला. दर पुसाच्या महिन्यात एक कोंबडं कापलं. माय मेल्यावर मी कापते. घरात खाले नव्हतं त्या वर्षीबी कापलं. सत्त्याहत्तर कोंबडी खाल्ली त्या वाघानं. अन् वाघ नव्हताच?'

'नव्हता,' मी म्हटलं.

'मग यंदा काय करू? कापू का नको? कापलं तर कोणाले कापू? नाही कापलं अन् माय म्हणे तसं बाप उपाशी राह्यला तर?'

भार्गव, आमी बेडी नसलेली बेडी पुजली, त्याईनं वाघ नसलेला वाघ पुजला. फरक एवढाच, आमची पूजा होत होती अन् त्याईचं कोंबडं जात होतं. तुह्या नकाशातला लाल रंग कुठवर जाते ते मी काल त्या खाटेपाशी पाह्यलं. राज्य गेलं, दुसरं आलं, जिल्ह्याचं नाव तेच राह्यलं, राज्याचं पुन्हा बदललं, अन् ती बाई अजून त्या साहेबानं लिहिलेल्या एका ओळीले कोंबडं कापून राह्यली.

साखळी तिनं ठेवून घेतली. ओढ्याकाठची सहा एकर माह्या नावावर आहे, त्याच्यासाठी मी उद्या तहसीलात जाते. तुही सही लागणार नाही, म्हणून विचारत नाही. पुस्तकाच्या पुढच्या छपाईत काय बदलाचं ते तू पाह्य. ज्याले पुरावा पाह्यजे त्याले पाथरझरीले पाठव, बिल्ला अजून वाकडाच आहे.

पण कोंबड्याचं उत्तर मी देणार नाही. मले त्याचा हक्क नाही. पंकजनं द्याचं नाही, जान्हवीनं फोनवर गोड बोलून द्याचं नाही, टाईप केलेला कागद तर बिलकुल नको. बयनाबाईले वाचता येत नाही. वाघ छापणाऱ्याच्या जातीचा तू आहे, तर वाघ नव्हता हे तूच सांगाचं. पुसाच्या आधी ये, आरोहीले संगं आण, ओढ्यापाशी त्या दगडापुढे बयनाबाईसमोर उभा राह्य अन् लच्चू टेकामचं नाव तोंडानं घेऊन तिले उत्तर दे. ती 'बस' म्हणेपर्यंत बसाचं नाही.

तुळजाबाई